बारा टक्क्यांची बरणी

माझ्या जाऊबाईंना बरणी कार्डावर बारा टक्के परतावा मिळतो आणि मला दोन, हे कळलं त्या दिवशी माझ्या हातून वरण करपलं. बातमी आणली माझ्या नवऱ्यानं, अजितनं. भावाच्या घरून येताना चार किलो बेडगी मिरची घेऊन आला, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "वहिनीच्या कार्डावर घेतली. तू एवढी कार्डं कोळून पितेस आणि तुला दोनच?"

कार्डांना नावं ठेवणं हा माझा धंदा आहे. सांगलीहून 'पडताळा' नावाचं ग्राहकांचं त्रैमासिक निघतं, त्यात मी सतरा वर्षं लिहिते. कुकर, पाणी गाळायची यंत्रं, विमा, कार्डं, जे समोर येईल त्याची पिसं काढते. आधी स्वतः वापरते, मोजते, मग लिहिते. बरणी कार्डही पाच महिने वापरत होते आणि कंपनी माझ्या तोंडावर दोन टक्के फेकत होती. आणि वैजयंतीवहिनींना, ज्यांनी आयुष्यात कुठल्याही अर्जाची दुसरी बाजू वाचली नाही, बारा!

आमच्यात अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कारणही सांगून टाकते. वहिनींच्या धाकट्या भावाचं, सुकुमारचं, गावभागात किराणा दुकान होतं. त्यानं दहा कुपनांवर तेलाचा डबा फुकट अशी योजना काढली. लोकांनी कुपनं साठवली आणि दुकानात डबेच नव्हते. मी ते लिहिणार म्हटल्यावर वहिनी घरी आल्या होत्या. "एक महिना थांब ग. तेलाची गाडी वाटेवर आहे." मी थांबले नाही. लेख आल्यावर गिऱ्हाईक दुकानावर तुटून पडलं आणि सहा आठवड्यांत सुकुमारनं कुलूप लावलं. गाडी आली, पण कुलूप लावल्यावर. तेव्हापासून त्या घरची चटणी माझ्या घरी आली नव्हती. ही मिरचीसुद्धा अजितनं त्यांना पैसे मोजून आणली होती.

बरणी कार्ड २०३६ च्या दिवाळीत निघालं आणि अडीच वर्षांत आमच्याकडे घराघरांत पोचलं. दिसायला साधं. एका कोपऱ्यात नखाएवढा खरखरीत चौकोन, त्यावर अंगठा टेकला की पैसे गेले. पिन नको, ठसा नको. ठशाची नक्कल करता येते, अंगाच्या वासाची नाही. आपल्या कातडीतून सतत शेकडो प्रकारची द्रव्यं हवेत सुटत असतात आणि त्यांचं मिश्रण दर माणसाचं निराळं असतं. कुत्रा मालकाला त्यावरच ओळखतो. कार्डाच्या चौकोनात सत्तर सूक्ष्म पापुद्रे होते. एकेक पापुद्रा एकेका द्रव्यानं किंचित फुगायचा, त्यातून वाहणारी वीज तेवढी कमीजास्त व्हायची आणि सत्तर आकड्यांची ती ओळ म्हणजे तुमची सही.

दर शुक्रवारी फोनवर कुपनं यायची. तांदूळ, डाळ, तेल, साबण. कुपनावर किराणा घेतला की तुमच्या ठरलेल्या टक्क्यांनी परतावा बरणीत जमा. मात्र बरणीचं झाकण अठरा महिन्यांनी उघडायचं. 'मुरू द्या' अशी जाहिरात होती आणि शेजारी लोणच्याचं चित्र. टक्के कसे ठरतात ते मात्र कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मी दिवाळीच्या अंकात वाचकांकडून त्यांचे टक्के मागवले होते. त्रेचाळीस जणांनी पाठवले. वहिनींच्या बारा टक्क्यांनी डोकं फिरल्यावर मी ते कागद परत काढले. जास्त खरेदी करणाऱ्याला जास्त टक्के असतील म्हटलं, तर तसं नव्हतं. पगार, पत्ता, उधारी, कशाशीच मेळ बसेना. वय लावून पाहिलं. ऐंशीच्या एका आजोबांना तीन टक्के आणि चाळिशीतल्या एका शिक्षकाला अकरा. दहाच्या वर सहा जण होते. या सहांना विचारावं, तुम्ही असं काय करता, म्हणून मी फोन फिरवले.

पहिला फोन शिक्षकाच्या बायकोनं उचलला. ते जानेवारीत गेले. दुसऱ्या घरी मुलगा बोलला, आई फेब्रुवारीत गेली. तिसरा फोन बंद होता. चौथ्या घरी चौदावा चालू होता. पाचव्या बाई स्वतः बोलल्या, पण मिरजेच्या दवाखान्यातून. सहाव्या घरच्यांनी मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या ऑफिसातल्या का? तुम्हाला कळवायचं राहिलं." तिसऱ्याचं नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. सहांपैकी पाच जण सहा महिन्यांत गेले होते. मग मी कराराची ती अठ्ठावीस पानं वाचायला बसले, जी मी आधीच वाचायला हवी होती. कलम एकतीस: कार्डधारकाच्या पश्चात बरणीतील शिल्लक रद्द समजली जाईल.

बाकीचं गणित शाळेतलं होतं. कंपनीनं टक्के ठरवणाऱ्या यंत्राला कुणाचा रोग हुंगायला सांगितलंच नव्हतं. काम एकच दिलं होतं: शंभराच्या खरेदीमागे प्रत्यक्षात दोन रुपयांहून जास्त परत जाऊ न देता जास्तीत जास्त खरेदी करवून घे. यंत्राकडे रोजचे वासाचे आकडे होते आणि झाकण उघडायला कोण आलं, कोण आलं नाही याची यादी होती. त्यानं दोन्ही जुळवली. आजार शरीरात शिरला की घामाचं मिश्रण बदलतं, कधीकधी दुखणं जाणवायच्या कितीतरी आधी. यंत्राला रोगाचं नाव ठाऊक नव्हतं, त्याला एवढंच कळत होतं की असा वास येणारी माणसं झाकण उघडायला येत नाहीत. ज्याची येण्याची शक्यता सहात एक, त्याला दोनाऐवजी बारा कबूल केले तरी कंपनीच्या खिशातून सरासरी दोनच जातात. शिवाय बारा टक्के दिसले की आमच्यासारखी माणसं सगळ्या भावकीचा किराणा त्याच कार्डावर आणून ओततात.

सहात एक. मी तो आकडा कागदावर लिहिला आणि शेजारी वहिनींचं नाव लिहायचं धाडस झालं नाही.

कंपनीला फोन केला. मानसी नावाचा यंत्राचा गोड आवाज होता.

"ताई, आमची यंत्रणा कुणाचंही निदान करत नाही. ती फक्त आपल्यासाठी सर्वोत्तम सवलत निवडते."

"सर्वोत्तम कुणासाठी?" मी विचारलं.

"आपला अभिप्राय नोंदवला आहे, ताई," मानसी म्हणाली आणि मला तेलाचं एक कुपन पाठवलं.

एप्रिलात आमच्याकडे वर्षाची चटणी होते. मिरची, धणे, तीळ, खोबरं, गरम मसाला भाजून डंकावर न्यायचं, कुटून आणायचं आणि वर्षभर पुरवायचं. त्या वर्षी सगळ्या नात्यागोत्याची चटणी वहिनींच्या कार्डावर निघणार होती. सात घरांची मिरची, सात घरांचे धणे. त्यांचे टक्के ऐकून चुलत सासवा पेढे मागत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डंकावर गेले.

लोखंडी मुसळं धडाधड आपटत होती, तिखटाचा खकाणा उठला होता आणि वहिनी नाकाला पदर लावून मालकीणबाईच्या थाटात उभ्या होत्या. जरा वाळल्यासारख्या दिसल्या. मी आधी बघितलं असतं तर आधी दिसलं असतं.

"काय ग, वाट चुकलीस का?" त्या म्हणाल्या. अकरा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

"वहिनी, तुमच्याशी बोलायचंय. बाहेर चला."

"इथंच बोल की. सगळी आपलीच माणसं आहेत."

मग मी तिथंच, मुसळांच्या आवाजावर ओरडून सांगितलं. वास, बरणी, सहात एक. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. बायका तोंडाकडे बघत राहिल्या. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

"संपलं?" त्या म्हणाल्या. "तृप्ती, माझ्या भावाचं दुकान खाल्लंस तेव्हा मी गप्प बसले. आता माझे बारा टक्के तुला बघवंनात, होय की नाही? म्हणून माझं मरण काढतेस? भर डंकात?"

"तपासून तरी घ्या. काही नसलं तर माझ्या तोंडात मारा."

"त्यासाठी तपासायला कशाला पाहिजे?"

कोणीतरी हसलं. माझ्या डोळ्यात तिखट गेलं होतं, रागही तेवढाच आला होता. मी पिशवीतून सहा नावांचा कागद काढून त्यांच्या हातात कोंबला. "ही माणसं वाचा. मी खोटं बोलत असेन तर यांच्या घरी फोन करा."

वहिनींनी कागद चुरगाळायला हात वळवला आणि थांबल्या. चौथं नाव होतं मंगल कोळेकर. त्यांच्या मागच्या गल्लीतली.

"मंगलला अकरा होते," वहिनी हळू म्हणाल्या. "मला बारा पडले तेव्हा मी मुद्दाम तिला सांगायला गेले होते. तोंड एवढंसं झालं तिचं." मग म्हणाल्या, "सुतकात पिठलं-भाकरी मीच नेऊन दिली."

त्या मिरचीच्या पोत्यावर बसल्या. डंकवाल्यानं विचारलं, पुढची मिरची टाकू का.

स्वादुपिंडात वाटाण्याएवढी गाठ निघाली. मिरजेचे डॉक्टर रिपोर्ट परत परत बघत होते. "या दुखण्याला इतक्या लवकर कुणी येत नाही. काही त्रास नव्हता, मग कळलं कसं?"

"कुपनावरून," वहिनी म्हणाल्या. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

ऑपरेशन झालं. मी रोज डबा घेऊन जात होते, याचा अर्थ आमचं जमलं होतं असा कोणी घेऊ नये. मीठ कमी, भात चिकट, तुला खुर्चीवर नीट बसता येत नाही का, असं सगळं ऐकून घेत होते आणि उलट ऐकवतही होते. एक गोष्ट मात्र आम्ही दोघी मिळून करत होतो. दर शुक्रवारी मी खालच्या दुकानातून मिठाचा पुडा आणायची, वहिनी कार्डावर अंगठा टेकायच्या आणि आम्ही आकड्याची वाट बघायचो. बाराचे नऊ झाले. नवाचे सात. त्या शुक्रवारी वहिनींनी वॉर्डातल्या आयाला पन्नास रुपये दिले. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाच झाले आणि तिथंच अडकले.

डॉक्टर म्हणत होते, सगळं निघालंय, रक्त चांगलं आहे, काळजी करू नका. वहिनी त्यांना हो हो म्हणायच्या आणि माझ्याकडे वळायच्या.

"पाच म्हणजे किती ग?"

"पाचात दोन."

"म्हणजे निम्म्याच्या खालीच की."

रोग हुडकणाऱ्या त्या नीच यंत्राइतका विश्वास आम्हाला कोणाचाच वाटेनासा झाला होता. डॉक्टर धीर द्यायला खोटं बोलू शकतो. बरणी कशाला बोलेल? तिला आमच्याशी काही देणंघेणंच नव्हतं.

'पडताळा'चा जुलैचा अंक वीस जूनला छापायला जायचा होता. माझा लेख तयार होता. मिठाचे आठ पुडे ओट्याखाली पडले होते. मी वहिनींच्या घरी जाऊन त्यांना लेख वाचून दाखवला. त्या खाटेवर बसून लसूण सोलत होत्या.

"हे छापलं की काय होईल?"

"कंपनी टक्के दाखवणं बंद करेल. नाहीतर सगळ्यांना सारखे करेल. चोरी पकडल्यावर कोण चालू ठेवतं?"

"मग मला माझं कळणार कसं?"

हाच प्रश्न घेऊन मी आठवडाभर फिरत होते.

"दोनावर येऊ दे," त्या म्हणाल्या. "मग काय छापायचं ते छाप. एक अंक थांब, तृप्ती. तीन महिने. मी तुझ्याकडे दुसऱ्यांदा मागतेय."

लसणाची पाकळी त्यांच्या हातातून निसटली. मी उचलून दिली. "थांबते," मी म्हटलं. संपादक बिरनाळेंना फोन करून लेख ऑक्टोबरला देते असं सांगितलं. ते चिडले, मीही चिडले. घरी येऊन स्वयंपाक केला, जेवले आणि अजितला म्हटलं, या वेळी मी माणसासारखी वागले.

दोन दिवसांनी तासगावहून एका वाचकाचं पत्र आलं. सुबक अक्षर. 'माझ्या मुलीला बरणी कार्डावर नऊ टक्के परतावा मिळतो. वय सव्वीस. आमच्या संपूर्ण सोसायटीचा किराणा आम्ही तिच्याच कार्डावर घेतो. इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून कृपया हे अंकात छापावे.' सोबत मुलीचा फोटो होता. हातात कार्ड, चेहऱ्यावर हसू.

मी त्या बापाला लगेच फोन केला. आधी त्यानं शिव्या दिल्या, मग रडला, मग गाडी काढली. पण माझ्याकडे एवढं एकच पत्र आलं होतं. राज्यात कार्डं किती लाख होती, कुणास ठाऊक. त्या सगळ्यांमध्ये ज्यांना नऊ, दहा, अकरा होते ती माणसं पेढे वाटत असणार आणि त्यांचे चुलते, आत्या, शेजारी आपापल्या याद्या घेऊन त्यांच्या दारात उभे असणार. तीन महिने त्यांतल्या कितीजणांना परवडणार होते?

लेख मी बिरनाळेंना पाठवून दिला. वहिनींना सांगायला गेले नाही. भित्री आहे मी. कंपन्यांशी भांडताना घाबरत नाही, तेवढंच.

लेखात शेवटी एकच ओळ जाड अक्षरात होती: ज्यांचा परतावा पाच टक्क्यांच्या वर आहे, त्यांनी पुढचं कुपन वापरण्याआधी डॉक्टरांकडे जावं. अंक आला आणि बातम्यांत तीच ओळ दिवसभर फिरली. कंपनीनं तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, 'पारदर्शकतेसाठी आजपासून सर्व ग्राहकांना समान दोन टक्के.' मानसीचा मला फोन आला. आपल्यासारख्या जागरूक ग्राहकांचा आम्हाला अभिमान आहे म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी दार वाजलं. वहिनी एकट्याच आल्या होत्या, रिक्षानं. आत येऊन त्या खुर्चीवर बसल्या आणि कार्ड टेबलावर ठेवलं. येताना कोपऱ्यावरून मिठाचा पुडा घेतला होता, तोही शेजारी ठेवला.

"दोन झाले," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"हे माझे दोन, का सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे, वहिनी."

"म्हणजे मी बरी झाले का नाही?"

"मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही."

त्या कार्डाकडे बघत बसल्या. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं, माझा सगळा जन्म त्यात गेलाय.

"थांबते म्हणाली होतीस."

"हो."

"ती तासगावची पोरगी. अजित सांगत होता. काय निघालं तिचं?"

"आतड्यात गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन."

"मिरजेलाच?"

"मिरजेलाच."

वहिनींनी पदरानं टेबलावरची मिठाची धूळ पुसली. "तिच्या आईला सांग, तिथल्या कँटीनच्या आमटीला चव नसते. घरनं डबा न्यायला सांग." मग पिशवीतून त्यांनी एक चिनी मातीची बरणी काढली, तोंडाला फडकं बांधलेली. यंदाची चटणी. ती माझ्यापुढे सरकवली. "हे माफ केलं म्हणून नाही. सात घरांची केली होती, त्यात तुझा वाटा मोजलेला होता. मी डंकावर जायच्या आधीच मोजला होता."

मी बरणीला हात लावला नाही. माझी तेवढी लायकी नव्हती.

"पंधरा ऑक्टोबरला माझी तपासणी आहे," उठता उठता त्या म्हणाल्या. "माझा आकडा तू घालवलास. आता डॉक्टर जे काय सांगतील ते ऐकायला माझ्या शेजारी तू बसायचंस. खोटं बोलायला लागले तर तुला कळतं. मला नाही कळत."

"आणि खरं वाईट असलं तर?"

"तर तू मला सांगायचंस. तेवढं तुला जमतं की. थांबता येत नाही तुला."

त्या गेल्या. कार्ड टेबलावरच राहिलं होतं. मी कॅलेंडरचं पान उलटून पंधरा ऑक्टोबरवर 'मिरज' लिहिलं. सतरा वर्षांत कुठल्याच कंपनीला घाबरले नाही, पण त्या तारखेची मला भीती वाटते.